रोग कुणाला, आणि कधी?

हात थरथरणारा किंवा विसरू लागलेला माणूस मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेला की पहिल्या काही मिनिटांतच विचारणा होते, घरात आणखी कुणाला असं होतं का? तपासणी संपते, पेशंटला गाडीत बसवून मुलगा किंवा मुलगी पुन्हा एकटीच आत येते आणि आपला प्रश्न विचारते: मग आम्हाला होईल का? अल्झायमर, कंपवात म्हणजे पार्किन्सन, हंटिंग्टन, एएलएस, अटॅक्सिया या सगळ्या आजारांत मेंदूतल्या किंवा मज्जारज्जूतल्या ठरावीक पेशी वर्षानुवर्षं हळूहळू मरत जातात. त्यांच्या कारणांचा जनुकांमध्ये शोध घेण्याचं काम चाळीसेक वर्षं जोमाने चाललं आहे. ‘कुणाला होणार’ याचं उत्तर त्यातून काही घराण्यांपुरतं चोख मिळालं. मिळालं तेव्हा लक्षात आलं की दुसरा प्रश्न तसाच राहिलाय: कधी? एकाच घरात, एकाच दोषासह जन्मलेल्या दोघा भावांपैकी एकाला पस्तिशीत गाठणारा आजार दुसऱ्याला पंचावन्नपर्यंत का शिवत नाही? या क्षेत्रातलं आजचं सर्वांत फलदायी काम या ‘कधी’भोवती चाललं आहे असं मला वाटतं, आणि उपचाराची आशाही तिकडूनच अधिक दिसते.

हंटिंग्टनच्या आजारापासून सुरुवात करणं बरं, कारण तिथलं गणित सर्वांत स्वच्छ आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टन गावात हंटिंग्टन घराण्यातले आजोबा आणि वडील दोघेही डॉक्टर. नातू जॉर्जही डॉक्टर झाला आणि 1872 मध्ये, जेमतेम बाविशीत, त्याने एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. अंगाला बसणारे अनावर हिसके, ढासळत जाणारं मन आणि प्रौढ वयात होणारी सुरुवात यांचं वर्णन करून त्याने एक निरीक्षण नोंदवलं: आईबापांपैकी एकाला असेल तरच मुलांना होतो, आणि ज्याची त्यातून सुटका झाली त्याच्या पुढच्या पिढ्याही सुटतात. मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग तोवर छापून झाले होते, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते. वाडवडिलांच्या नोंदींच्या आधारावर एका गावच्या डॉक्टरला प्रबळ अनुवंशाचा नियम दिसला होता.

त्या नियमाचं जनुक सापडायला पुढची एकशे एकवीस वर्षं गेली, आणि ते सापडलं मुख्यतः व्हेनेझुएलातल्या मासेमारी करणाऱ्या गरीब कुटुंबांमुळे. माराकाइबो सरोवराच्या काठच्या वस्त्यांत हा आजार इतका होता की लोक त्याला नुसतं ‘एल माल’, म्हणजे ‘तो वाईट रोग’ म्हणत. हा हंटिंग्टनच आहे हे अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टराने 1950 च्या दशकात ओळखलं. त्यानंतर तिथे पोहोचल्या नॅन्सी वेक्स्लर. 1968 मध्ये त्यांच्या आईला या आजाराचं निदान झालं आणि वडिलांनी त्याच वर्षी संशोधनासाठी संस्था काढली. स्वतः नॅन्सी मानसशास्त्राच्या अभ्यासक. 1979 पासून दोनेक दशकं त्या जवळजवळ दर वर्षी पथक घेऊन माराकाइबोला जात राहिल्या. रक्ताचे नमुने आणि नात्यांची नोंद असं करत करत अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ उभी राहिली. 1983 मध्ये बॉस्टनच्या जेम्स गुसेला यांच्या गटाने दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. तेवढ्या लवकर ते हाती लागणं हे नशीबच होतं, कारण तपासायला घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी एक नेमकी जवळची निघाली. मग वाटलं, आता जनुक हाताशी आलंच. प्रत्यक्षात आणखी दहा वर्षं गेली. मार्च 1993 मध्ये अनेक प्रयोगशाळांच्या संयुक्त गटाने ते जाहीर केलं.

दोष साधा होता. जनुकाच्या सुरुवातीलाच सी-ए-जी ही तीन अक्षरं, तबकडीवर सुई अडकावी तशी, पुन्हा पुन्हा येतात. सर्वसाधारण माणसात हे आवर्तन 26 पर्यंत असतं. 36 ते 39 असेल तर आजार होईल किंवा होणारही नाही. 40 किंवा त्याहून अधिक असेल तर पुरेसं जगल्यास होणारच. रक्ताच्या एका चाचणीत आयुष्याचा एवढा मोठा निकाल सांगणारी गोष्ट वैद्यकशास्त्रात दुसरी क्वचितच असेल. आणि तरी चाचणी उपलब्ध झाल्यावर धोक्यातल्या दहा माणसांपैकी एखाद-दोघांनीच ती करून घेतली. संशोधकांना याचं आश्चर्य वाटलं. मला वाटत नाही. ज्या माहितीवर काहीच करता येत नाही ती मागणं ही चैन आहे, आणि ती सगळ्यांना परवडत नाही. जनुकाच्या शोधासाठी आयुष्य वेचलेल्या नॅन्सी वेक्स्लर यांनी स्वतःची चाचणी केली की नाही याबद्दल मौन पाळलं आणि 2020 मध्ये आपल्याला हा आजार असल्याचं जाहीरपणे सांगितलं.

आता ‘कधी’. आवर्तनं जितकी जास्त तितका आजार लवकर, हे लगेच कळलं. पण त्याने सगळा फरक सुटत नव्हता. आवर्तनं अगदी सारखी असलेल्या दोन माणसांत वीस-वीस वर्षांचं अंतर पडतं. 2015 मध्ये चार हजारांवर आणि 2019 मध्ये नऊ हजारांवर पेशंटांचे डीएनए तपासून एका आंतरराष्ट्रीय गटाने हे अंतर कशामुळे पडतं ते शोधलं. उत्तर मेंदूच्या नेहमीच्या जनुकांत मिळालं नाही. ते मिळालं डीएनएची डागडुजी करणाऱ्या जनुकांत: एफएएन1, एमएसएच3, एमएलएच1. याच अभ्यासातला आणखी एक धागा मला फार सुंदर वाटतो. आवर्तनांच्या शेवटाशी बहुतेकांत एक सी-ए-ए असतं. त्यातून तयार होणारं प्रथिन तंतोतंत तेच राहतं, कारण सी-ए-जी आणि सी-ए-ए दोन्ही एकाच अमिनो आम्लाची खूण आहेत. पण ज्यांच्यात तो सी-ए-ए नसतो, म्हणजे आवर्तन अखंड असतं, त्यांना आजार लवकर होतो. प्रथिन तेच, डीएनए वेगळं, आणि वय बदललं. म्हणजे घड्याळ प्रथिनात बसलेलं नाही, डीएनएत बसलेलं आहे.

ते घड्याळ कसं चालतं हे 2025 च्या जानेवारीत हार्वर्ड आणि ब्रॉड संस्थेतल्या स्टीव्हन मॅकॅरल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंतल्या एकेक पेशीत आवर्तनं किती, हे त्यांनी मोजलं. जन्मतः चाळीसेक असलेली आवर्तनं मेंदूच्या स्ट्रायटम भागातल्या पेशींत आयुष्यभर वाढत जातात. आधी दशकानुदशकं अगदी सावकाश, ऐंशीच्या पुढे झपाट्याने. दीडशेच्या आसपास पोहोचेपर्यंत पेशीला जवळजवळ काहीच होत नाही, आणि त्यानंतर ती थोड्याच काळात कोलमडते. हे खरं असेल, आणि पुरावा भक्कम आहे, तर माणूस ज्या दोषासह जन्मतो तो एका अर्थी निरुपद्रवी आहे; घात करते ती त्याची वाढ. औषधांचं लक्ष्यही त्यामुळे सरकतं. हंटिंग्टनचं प्रथिन कमी करणाऱ्या टॉमिनर्सेन या औषधाची मोठी चाचणी मार्च 2021 मध्ये थांबवावी लागली होती. सप्टेंबर 2025 मध्ये मेंदूत थेट सोडल्या जाणाऱ्या एका जनुकोपचाराचे तीन वर्षांचे आकडे आले, आणि ढासळण्याचा वेग तीन-चतुर्थांशाने मंदावल्याचा दावा झाला. पण जास्त मात्रा घेऊन तीन वर्षं पुरी केलेले पेशंट होते जेमतेम बारा, आणि तुलना होती बाहेरच्या नोंदींशी. आनंद जरा हात राखूनच करावा. याच काळात वाढ रोखण्यासाठी एमएसएच3 ला लगाम घालण्याच्या मागे काही प्रयोगशाळा आणि कंपन्या लागल्या आहेत.

अल्झायमरची गोष्ट याहून विस्कळीत आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या समाजात म्हातारपणच्या विसरण्याला रोग मानायला वेळ लागला, तसा तो युरोपातही लागला. 1906 मध्ये आलोइस अल्झायमर यांनी मांडलेली पेशंट पन्नाशीतली होती, त्यामुळे कितीतरी दशकं हा तरुणांचा दुर्मीळ आजार समजला गेला. 1984 मध्ये जॉर्ज ग्लेनर यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या साक्यातून अमिलॉइड बीटा हे प्रथिन वेगळं काढलं आणि तोच पदार्थ डाउन सिंड्रोममध्येही सापडतो असं दाखवलं. डाउन सिंड्रोममध्ये 21 वं गुणसूत्र जास्तीचं असतं, तेव्हा शोध तिकडे वळला. दरम्यान नॉटिंगहॅममधल्या एका शिक्षिकेने लंडनच्या संशोधकांना पत्र लिहून कळवलं होतं की आपले वडील, आत्या, काका सगळे पन्नाशीच्या आसपास याच वाटेने जात आहेत. त्या कुटुंबाच्या रक्तातून 1991 मध्ये अ‍ॅलिसन गोट आणि जॉन हार्डी यांच्या गटाने अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाच्या जनुकातला दोष शोधला. 1995 मध्ये प्रेसेनिलिन 1 आणि 2 ही आणखी दोन जनुकं मिळाली. तिन्ही मिळून अल्झायमरच्या शंभर पेशंटांतल्या एकाचंही स्पष्टीकरण होत नाही. तरी गेल्या तीस वर्षांतल्या बहुतेक औषधांचा विचार या एकाच्या जोरावर झाला. त्यावर टीका पुष्कळ झाली आणि ती पूर्ण चुकीची नाही.

कोलंबियातल्या अँटिओक्विया प्रांतात, मेदेयीनच्या वरच्या डोंगराळ गावांत, प्रेसेनिलिन 1 चा एक विशिष्ट दोष एका विशाल गोतावळ्यात पसरलेला आहे. स्पॅनिश वसाहतीच्या सुरुवातीला आलेल्या कुणा एका पूर्वजाकडून तो आला असावा. गोतावळा सुमारे सहा हजारांचा, दोष वाहणारे हजाराच्या वर. गावकरी त्याला ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, म्हणत; झाडाला हात लावल्याने किंवा कुणी करणी केल्याने होतो असंही मानत. फ्रान्सिस्को लोपेरा या न्यूरॉलॉजिस्टने 1980 च्या दशकात या घरांचा माग काढायला सुरुवात केली आणि 2024 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच केलं. हा प्रदेश तेव्हा अमली पदार्थांच्या टोळ्या आणि गनिमांच्या हिंसेत होरपळत होता. त्यांच्या सहकारी परिचारिका लुसिया माद्रिगाल यांनी अशा काळात गावोगाव फिरून वंशावळी लिहून काढल्या. इथे विस्मरण 44 च्या आसपास सुरू होतं, पूर्ण स्मृतिभ्रंश 49 च्या सुमारास. इतकं नेमकं, की 2013 पासून याच लोकांत, लक्षणं दिसण्याआधीच, क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी घेतली गेली. 252 माणसं सहभागी झाली. 2022 मध्ये निकाल आला: ठोस फायदा नाही.

पण या गोतावळ्याने त्याहून मौल्यवान काहीतरी दिलं. तिथल्या एका स्त्रीत दोष होता, आणि तरी तिची स्मृती सत्तरीपर्यंत शाबूत राहिली. अपेक्षेपेक्षा जवळजवळ तीस वर्षं. 2019 मध्ये तिच्या तपासण्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा दिसलं की मेंदूत अमिलॉइड खच्चून भरलेलं आहे. पण टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या गाठी फारच कमी आहेत. तिच्या एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ नावाचा विरळा बदल होता, न्यूझीलंडच्या शहराच्या नावावरून. 2024 मध्ये त्याच गोतावळ्यातल्या, हा बदल एकाच प्रतीत असलेल्या 27 जणांचा अभ्यास आला: सुरुवात सरासरी पाच वर्षांनी लांबलेली. 2023 मध्ये एक पुरुष सापडला, तो 67 पर्यंत टिकला, त्याच्यात रीलिन नावाच्या वेगळ्याच जनुकातला बदल होता. रोग देणारं जनुक सगळ्यांत एकच. पण त्याला थोपवणारी माणसं दुसऱ्या जनुकांतून उभी राहतात.

एपीओई हे नाव तिथे येणं योगायोग नाही. शरीरात मेदाची ने-आण करणाऱ्या या प्रथिनाचा ई4 हा प्रकार साध्या, म्हातारपणच्या अल्झायमरशी जोडलेला आहे हे 1993 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने दाखवलं. अमिलॉइडवाल्यांना ते बरीच वर्षं पचलं नाही. त्या पहिल्याच निबंधात एक आकडा होता ज्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही: त्यांनी अभ्यासलेल्या घराण्यांत ई4 ची प्रत नसेल तर आजार सरासरी 84 ला, दोन असतील तर 68 ला. म्हणजे ई4 हे मुख्यतः वय पुढेमागे करणारं जनुक आहे. ‘ई4 असेल तर अल्झायमर होतो’ हे वाक्य चूक आहे. ई4 ची एकही प्रत नसलेले पेशंट असंख्य आहेत आणि प्रत असूनही नव्वदीत शब्दकोडी सोडवणारेही आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत एका प्रतीने धोका सुमारे तिप्पट होतो, आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो बराच कमी वाढतो. का, हे शोधायचं असेल तर आफ्रिकेत शोधायला हवं. आज ई4 ला व्यवहारी महत्त्वही आलं आहे. अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबसारख्या औषधांनी मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका दोन प्रती असलेल्यांत जास्त असतो, म्हणून औषधाआधी जनुक तपासायचा सल्ला दिला जातो.

मोठ्या लोकसंख्येत डीएनएची चाळणी लावून धोक्याच्या जागा शोधण्याचं काम वेगळं. 2022 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अल्झायमरशी संबंधित अशा 75 जागा निघाल्या. त्यांतल्या बहुतेकांचा प्रभाव एकेकटा नगण्य. पण एकत्र पाहिल्यावर त्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया या सफाई करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींकडे बोट दाखवतात. चेतापेशींच्या आजाराचं कारण चेतापेशींच्या शेजाऱ्यांत शोधायला लागणं ही या यादीची खरी कमाई. बाकी यादी अजून तरी यादीच आहे.

कंपवातात तर जनुकांना प्रवेशच उशिरा मिळाला. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये वर्णन केलेला हा आजार बराच काळ वातावरणातून येतो असं मानलं जाई. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेल्या निद्राज्वराच्या साथीनंतर हजारो माणसं कंपवातासारखी ताठरली होती. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं हेरॉइन टोचून घेतलेली तरुण मुलं रातोरात गोठल्यासारखी झाली, आणि एमपीटीपी हे रसायन कारण निघालं. जुळ्यांच्या अभ्यासांतही फारसं काही हाती लागत नव्हतं. हे चित्र पालटलं दक्षिण इटलीतल्या कोंटुर्सी गावच्या एका घराण्याने. त्यातले काही लोक न्यू जर्सीला जाऊन स्थिरावले होते. तिथे पेशंटांना पाहणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही खंडांतली नाती जुळवली. 1997 मध्ये त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लिनच्या जनुकातला दोष सापडला. लगेच त्याच वर्षी केंब्रिजमध्ये स्पिलान्तिनी आणि गोडर्ट यांनी दाखवलं की साध्या, घराण्यात नसलेल्या कंपवाताच्या मेंदूतही पेशींत दिसणाऱ्या लेवी बॉडीज याच प्रथिनाच्या बनलेल्या आहेत. दुर्मीळ घराण्याने सर्वसामान्य पेशंटचं गुपित सांगावं, अशी याहून चांगली उदाहरणं थोडीच.

त्यानंतरच्या दोन जनुकांबद्दल एवढंच सांगतो. एलआरआरके2 मधला एक बदल उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर आणि अरब पेशंटांत, तसाच अश्केनाझी ज्यूंत, बराच आढळतो आणि भारतात फार कमी. शिवाय तो असूनही ऐंशीपर्यंत काहीही न झालेली माणसं कितीतरी आहेत. जीबीए या जनुकाचा शोध तर दवाखान्यातल्या निरीक्षणातून लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एलन सिड्रान्स्की गोशे नावाच्या आनुवंशिक चयापचय विकाराच्या पेशंटांना पाहत असत. त्यांच्या लक्षात आलं की या पेशंटांच्या नात्यात कंपवात फार दिसतो. 2009 मध्ये सोळा केंद्रांच्या अभ्यासाने ते पक्कं झालं. 2023 मध्ये नायजेरियातल्या डॉक्टरांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात याच जनुकातला एक पूर्णपणे नवा बदल निघाला. तो जवळजवळ केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. युरोपीय नमुन्यांवर पंचवीस वर्षं चाळण्या लावूनही तो दिसणं शक्यच नव्हतं.

स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारणाऱ्या एएलएसबाबत 1993 चं एसओडी1 आणि 2011 चं सी9ओआरएफ72 ही नावं महत्त्वाची. पहिल्या जनुकावरच्या टोफर्सेन या औषधाला 2023 मध्ये अमेरिकेत सशर्त मान्यता मिळाली. एएलएसच्या शंभरांतल्या दोनेक पेशंटांपुरतंच ते आहे, पण जनुकातून थेट औषधापर्यंत पोहोचलेलं हे या कुळातलं पहिलं ठळक उदाहरण.

घराण्यात आहे म्हणजे जनुकात आहे असं मात्र समजू नये. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर चामोरो लोकांत विसाव्या शतकाच्या मध्यावर एएलएस आणि कंपवात-स्मृतिभ्रंश यांची मिसळ जगाच्या कितीतरी पट होती. घरंच्या घरं बाधित. जनुकाचा कसून शोध झाला, हाती काही लागलं नाही. आणि पुढच्या दशकांत आजार आपोआप ओसरत गेला. जनुकं इतक्या वेगाने ओसरत नाहीत. सायकॅडच्या बियांपासून अनेक संशयित आले आणि गेले.

म्हणूनच ‘अनुवंश किती, जीवनशैली किती’ असा हिशेब मांडणारे लेख वाचले की मला अस्वस्थ व्हायला होतं. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या 2006 च्या अभ्यासात अल्झायमरमधल्या फरकाचा 58 ते 79 टक्के भाग अनुवंशाकडे जातो. लॅन्सेटच्या 2024 च्या आयोगाने बहिरेपण, रक्तदाब, शिक्षण, प्रदूषण अशी बदलता येण्याजोगी 14 कारणं सांगून जवळजवळ 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असं म्हटलं. दोन्हींची बेरीज शंभराच्या वर जाते म्हणून एकाला खोटं ठरवणारेही भेटतात. पण या दोन आकड्यांचा विषयच वेगळा आहे, आणि ते एकमेकांच्या वाट्याचं काही खात नाहीत. ई4 असलेल्या माणसाचा रक्तदाब आटोक्यात ठेवला तर त्याचं ‘कधी’ लांबू शकतं, आणि त्यासाठी जनुक बदलावं लागत नाही.

भारताकडे यायचं तर पहिली गोष्ट आकड्यांची. देशपातळीवरच्या पाहणीवर आधारलेल्या 2023 च्या अंदाजानुसार साठीच्या पुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. त्याआधी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत अल्झायमरचं प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी निघालं होतं आणि तिथे ई4 ही अमेरिकेतल्या नमुन्यापेक्षा कमी होतं. ते कमी प्रमाण जनुकांमुळे, की आजारी माणसं लवकर दगावतात म्हणून, यावर वाद झाला. मुंबईतल्या पारशी समाजाची 1988 ची पाहणी याच्या उलट टोकाची: भरुचा आणि सहकाऱ्यांना कंपवात दर लाखामागे सुमारे 328 एवढा आढळला, जगातल्या त्या वेळच्या सर्वांत चढ्या आकड्यांपैकी एक. लगेच कुणी ‘पारशी जनुक’ म्हणू नये. या समाजात म्हाताऱ्यांचं प्रमाणच फार मोठं आहे, आणि कंपवात वयाबरोबर वाढतो. तरीही आपसांत लग्नं करणारा, दीर्घायुषी आणि नोंदी ठेवणारा समाज संशोधकांना हवाच असतो.

खरा भारतीय शोध अटॅक्सियातला, म्हणजे तोल ढासळवणाऱ्या आजारांतला आहे. एससीए12 नावाचा प्रकार 1999 मध्ये जर्मन वंशाच्या एका अमेरिकन घराण्यात सापडला. तो जगात अपवादच मानला गेला असता. पण 2001 पासून दिल्लीतल्या एम्स आणि सीएसआयआरच्या जीनोम संस्थेतल्या संशोधकांना तो भारतात वारंवार दिसू लागला, आणि विशेषकरून अग्रवाल समाजात. चाळिशीच्या सुमारास हाताला कंप सुटतो, पुष्कळदा तो कंपवात समजून औषधं दिली जातात, तोल नंतर जातो. जनुकाभोवतीच्या खुणा तपासल्यावर बहुतेक सगळ्या घराण्यांचा पूर्वज एकच निघाला. इथेही सी-ए-जीच अडकलेलं आहे, आणि इथेही लांबीवरून वय नीट सांगता येत नाही.

पोटजातीतच सोयरीक करण्याची आपली हजार-दीड हजार वर्षांची सवय इथे डीएनएत उमटलेली दिसते. 2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीमधले थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या गटाने दक्षिण आशियातले अडीचशेहून अधिक समूह तपासले. त्यांतल्या 81 समूहांत एका लहान मूळ गटातून वाढल्याची खूण फिनलंडमधल्या किंवा अश्केनाझी लोकांपेक्षाही ठळक होती. त्यांतले 14 समूह दहा लाखांहून मोठे. जगाने ज्या दोन समाजांवरून जनुकीय आजारांचं अर्धं पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यांच्यासारखे कितीतरी समाज आपल्याकडे आहेत. अडचण अशी की जातीचं नाव आणि आजाराचं नाव एका वाक्यात आलं की स्थळं पाहणारे लोक ते वाक्य वेगळ्या कामाला वापरतात. हा धोका काल्पनिक नाही, आणि निबंध लिहिणाऱ्यांनी तो गृहीत धरायला हवा. कायद्याचं संरक्षणही तुटपुंजं आहे. अमेरिकेच्या 2008 च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव बंद केला, पण आयुर्विमा सोडून दिला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये आरोग्यविम्यातून ‘जनुकीय विकार’ सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं. स्वतंत्र कायदा नाही. आणि चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळांच्या मानाने, अहवाल हातात पडल्यावर घरच्यांशी बसून बोलणारे समुपदेशक फार थोडे.

जीनोमइंडिया प्रकल्पाने 83 समूहांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचले आणि जानेवारी 2025 मध्ये फरीदाबादच्या माहितीकेंद्रातून ते संशोधकांना खुले झाले. काम मोठं आहे. मात्र हे नमुने निरोगी लोकांचे आहेत. कुठला बदल कुठल्या समूहात किती, हे त्यातून कळेल. कुणाचा आजार किती वर्षं लांबला आणि कशाने, हे कळणार नाही. त्यासाठी तीच घरं वीस-वीस वर्षं पाहत राहावी लागतात, वडिलांना कितव्या वर्षी कंप सुटला आणि थोरल्या बहिणीला कितव्या वर्षी, हे लिहून ठेवावं लागतं, आणि घरात कुणीतरी ऐंशीतही धडधाकट असेल तर आधी त्याचं रक्त मागावं लागतं. आपल्या न्यूरॉलॉजी विभागांच्या बाह्यरुग्ण कक्षांत अशी घरं रोज येतात. त्यांच्या केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. वयाचा रकाना तिथे नसतो.